चुकलेल्या भागांचे कोडे

नवरात्रात केडगावातल्या घरांना उसंत नसते. रेणुकामातेच्या दर्शनाला सगळे नगर शहर पुणे रस्त्याने इकडे लोटते. कुणाची मावशी येते, कुणाची माहेरवाशीण दोन लेकरे घेऊन मुक्कामी येते. उपवासाचे, बिनउपवासाचे असे दोन स्वयंपाक चाललेले असतात आणि त्या गर्दीत संध्याकाळची मालिका कधी सुटली ते कळतही नाही. मग दसरा उलटतो, पाहुणे पांगतात, एका संध्याकाळी टीव्ही लावला जातो आणि गंमत अशी, की पाच मिनिटांत सगळे लक्षात येते. कोण कोणावर रुसले आहे, कुठले गुपित अजून फुटायचे आहे, थोरल्या सुनेच्या चेहऱ्यावर तो भाव का आहे, सगळे. हीच माणसे सिनेमाची मधली दहा मिनिटे हुकली तर शेजारच्याला विचारून भंडावून सोडतात.

यावर ठरलेले उत्तर असते : मालिकेत काही घडतच नाही, पाणी घालून वाढवतात, म्हणून चुकले तरी चुकत नाही. हे अर्धे खरे आहे. पण ज्यात काही घडत नाही ते माणसे वर्षानुवर्षे, रोज, ठरलेल्या वेळी का पाहतात, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. मला वाटते, मालिकेकडे आपण लांबवलेला सिनेमा म्हणून पाहतो आणि तिथेच गफलत होते. सिनेमा अंधारात, सलग, एका बैठकीत पाहायचा असतो. मालिका मात्र तुटत तुटत पाहिली जाणार, मधले भाग चुकणार, हे गृहीत धरूनच बांधलेली असते. त्या बांधणीची स्वतःची कारागिरी आहे आणि ती उलगडून पाहता येते.

बातमी एक, ऐकणारे अनेक

'आई कुठे काय करते' ही स्टार प्रवाहवरची मालिका डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मूळ बंगाली मालिका 'श्रीमोयी'. तिचा गाभा एका ओळीत सांगता येतो : घरासाठी आयुष्य झिजवलेल्या अरुंधतीला कळते, की नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत. सिनेमात हा एक प्रसंग असता, फार तर दोन. मालिकेत मात्र ती बातमी घरभर फिरते. सासूला कळते, सासऱ्यांना कळते, तीन मुलांना एकेक करून कळते, माहेरी पोचते. घटना एकच आणि ती प्रेक्षकाला केव्हाच माहीत आहे. तरी तो पाहतो, कारण आता त्याला घटना नको असते. सासू मुलाची बाजू घेणार की सुनेची, हे त्याला पाहायचे असते.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ॲलन यांनी 1985 च्या आपल्या पुस्तकात हे फार नेमके पकडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. घटनांची साखळी म्हणून पाहिले तर दैनंदिन मालिकेत पुनरुक्तीच पुनरुक्ती दिसते. पण तिच्यात माणसांचे एक जाळे असते आणि एक बातमी त्या जाळ्यातल्या ज्या ज्या माणसापर्यंत जाते, तिथे तिचा अर्थ बदलतो. 'लग्न मोडले' हे वाक्य आजीला सांगितले तर ती अब्रूची गोष्ट होते, धाकट्या जावेला सांगितले तर संधीची आणि मुलीला सांगितले तर भीतीची. नवा प्रेक्षक पुनरुक्तीमुळे पटकन गोष्टीत शिरतो, जुन्याला त्याच पुनरुक्तीत नवे काही सापडते. एकच प्रसंग दोघांचे काम करतो.

आता चुकलेल्या नऊ दिवसांचे कोडे बरेचसे सुटते. नऊ दिवसांत बातमी सासूकडून जावेकडे पोचलेली असते. घटना पुढे सरकलेली नसते, तिचे पडसाद सरकलेले असतात आणि पडसाद चेहऱ्यावर वाचता येतात.

ज्यांना आपल्याकडच्या घरांचा अनुभव आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही. एकत्र कुटुंबात बातमी कोणाला आधी कळली, यावरून जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढे खुद्द बातमीवरूनही होत नाहीत!

बावीस मिनिटांचा भाग

अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता गोष्टीला साधारण बावीस मिनिटे मिळतात. ती तीन-चार तुकड्यांत विभागलेली असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला काहीतरी अडकवून ठेवलेले असते. या व्यवसायातली माणसे त्याला 'हुक' म्हणतात. जाहिरातीच्या आधीचा हुक छोटा असतो : दाराची बेल वाजते, फोन येतो. भागाच्या शेवटचा मोठा. शनिवारचा त्याहून मोठा, कारण मध्ये रविवार येतो. म्हणजे हुकाचा आकार पुढच्या खंडाच्या लांबीवर ठरतो. खंड जितका लांब, तितका प्रश्न मोठा. आठवडाभर ही नोंद ठेवली तर कुणालाही पडताळून पाहता येईल.

एका वेळी एकच गोष्ट चालवली तर महिन्याभरात ती संपेल. म्हणून दोन-तीन गोष्टी एकदम चालतात, त्यांना 'ट्रॅक' म्हणतात. वेणी घालताना तीन पेडांपैकी एकच वर दिसतो, पण खाली गेलेले दोन्ही बोटांत घट्ट धरलेले असतात आणि पाळीपाळीने वर येतात. ट्रॅकचेही तसेच. थोरलीच्या संसाराची गोष्ट वर असते तेव्हा धाकट्याच्या कर्जाची गोष्ट एखाद्या वाक्यात, एखाद्या लपवलेल्या कागदात धरून ठेवलेली असते. चांगला लेखक खाली गेलेला पेड सुटू देत नाही. वाईट लिखाणात तो सुटतो आणि चार महिन्यांनी कुणाला तरी आठवण होते, की अरे, त्या कर्जाचे काय झाले!

ही विद्या टीव्हीने शोधलेली नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः येत होती. तिकडे इंग्लंडात डिकन्सने 1836 पासून मासिक हप्त्यांत कादंबरी लिहायला घेतली होती. आपट्यांच्या कादंबरीतल्या यमूचे पुढे काय होणार, म्हणून पुढच्या अंकाची वाट पाहणारा मराठी वाचक आणि आज पुढच्या भागाची झलक पाहून कासावीस होणारी प्रेक्षक यांच्यात शतकाहून जास्त काळ गेला आहे, पण कारागिरी तीच आहे. आपट्यांना आपण कादंबरीकार म्हणून वर्गात शिकवतो. त्यांच्या खंडित लिखाणाचा, प्रत्येक हप्ता कुठे तोडला याचा अभ्यास मात्र क्वचितच होतो. मालिकेच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनही करता येईल.

डोळ्याआधी कान

मालिकेतली पात्रे दिसत असलेलेच बोलून का दाखवतात? 'अगं, तू रडतेयस?' रडते आहे हे दिसत असतेच की. नाटकसिनेमावाले यावर नाक मुरडतात. पण प्रेक्षक कुठे आहे ते बघा. संध्याकाळी सातला केडगावातल्या स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी आहे, टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे. बाई मालिका पाहत नाही, ऐकते. आवाज चढला किंवा पार्श्वसंगीताने एकदम ठेका घेतला, की ती उलथने हातात घेऊन दारापर्यंत येते, अर्धा मिनिट पाहते आणि परत जाते. ब्रिटिश अभ्यासक जॉन एलिस यांनी 1982 मध्ये हाच फरक मांडला : सिनेमाकडे आपण नजर रोखून पाहतो, टीव्हीकडे अधूनमधून कटाक्ष टाकतो. ज्या माध्यमाकडे कटाक्षच टाकला जाणार आहे त्याला आवाजाने हाका माराव्या लागतात. तीन वेळा फिरणारा कॅमेरा आणि तीन वेळा होणारा ढाण् हा आवाज मलाही आवडत नाही. तरी तो कोणासाठी आहे ते समजून मग नावे ठेवलेली बरी.

चेहरे इतके जवळून का दाखवतात, यालाही अशीच रोकडी कारणे आहेत. पडदा लहान. पैसा बेताचा. आणि चित्रीकरणाचा वेग असा, की दिवसाकाठी जवळपास एका भागाचे काम उरकायचे. दोन-तीन कॅमेरे एकदम लावून, दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि जिना एवढ्यावर संसार चालवायचा. अशा वेळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके दृश्यस्थळ म्हणजे माणसाचा चेहरा. त्यामुळे मालिकेतल्या नटाकडे एक वेगळेच कसब लागते : काही न बोलता, दुसऱ्याचे ऐकताना, कॅमेरा आपल्यावर येईल तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी घडवणे. 'रिॲक्शन' हा शब्द आपण टिंगलीने वापरतो, पण बातमीच्या पडसादांवर चालणाऱ्या या कलेत ऐकणारा नट बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो.

या चौकटीतून बाहेर पडलेल्या मालिका म्हणूनच उठून दिसल्या. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात गेली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे. जागा बदलली तशी बोलीही बदलली आणि जागा स्वतःच एक पात्र झाली.

चौकट : एक भाग, एक वही
कुठल्याही मालिकेचा एकच भाग निवडा आणि दोनदा पाहा. पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका आणि किती कळले ते लिहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. जाहिरात कुठे आली, तिच्या आधीचे शेवटचे वाक्य कोणते, किती ट्रॅक वर होते आणि कोणता नुसता धरून ठेवला होता, हे टिपा. नवी घटना किती आणि जुन्या घटनेचे पडसाद किती, ते मिनिटांत मोजा. शेवटी एक प्रश्न : या भागातल्या एखाद्या पात्राला सहा महिन्यांपूर्वीचे काही आठवले का?

कॅलेंडर, गुरुवार आणि गावाला गेलेले आजोबा

चौकटीतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याकडे येण्याआधी मालिकेचा काळ कसा असतो ते पाहू.

मालिकेतले घड्याळ आपल्या घड्याळाला बांधलेले असते. बाहेर गणपती बसले की पडद्यावरही बसतात. वटपौर्णिमा, मंगळागौर, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू, सगळे त्याच आठवड्यात. कादंबरी किंवा सिनेमा हे करूच शकत नाही. पात्रे आपल्याबरोबर म्हातारी होतात, निदान तशी ती व्हावीत. ज्या घरात ती रोज येतात तिथे त्यांच्याविषयी ओळखीच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलले जाते.

पण याच जोडणीमुळे बाहेरचे जग गोष्टीत हात घालू शकते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून ते काढले जातात. आकडे घसरले की एखादा ट्रॅक आवरतो, कुणाचा अपघात होतो, कुणी परदेशातून परत येते. लेखन आणि प्रेक्षकाचा प्रतिसाद हे इतक्या जवळून चालणारी दुसरी कथनकला सापडणे कठीण. 2020 चे उदाहरण तर शिकवण्यासारखे आहे. टाळेबंदीनंतर चित्रीकरणाला परवानगी देताना राज्य सरकारने पासष्ट वर्षांवरील कलावंतांना सेटवर येण्यास मनाई केली होती. ती अट ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, पण तोवर मालिकांना आजी-आजोबांवाचून घर चालवावे लागले. ज्या कलेत बातमी आजीपर्यंत पोचणे हाच प्रसंग असतो, तिथे आजीच नाही म्हटल्यावर लेखकांची काय अवस्था झाली असेल!

आता आठवणीचा प्रश्न. संथपणाबद्दल मालिकांना आपण उगाच झोडपतो. संथपणा हे त्यांचे हत्यार आहे. माझी तक्रार विसराळूपणाबद्दल आहे. काल विष घालणारी काकू आज आरतीचे तबक धरते आणि घरात कुणालाच काही वाटत नाही, तेव्हा मालिका आपली एकमेव ठेव उधळते. प्रेक्षकाने तीन-चार वर्षे दिलेला वेळ म्हणजे त्याच्या डोक्यात साठलेली आठवण. दुसऱ्या कुठल्याही कलेला एवढा साठा मिळत नाही. पाचशेव्या भागात पहिल्या भागातल्या एका साडीची, एका वाक्याची आठवण निघाली तर त्या क्षणाला जे वजन येते ते दोन तासांच्या सिनेमाला कधीच साधणार नाही. चांगली मालिका आणि दळण यांतला फरक मी तरी या कसोटीवर करतो.

किल्ल्यातून निघालेली मालिका

मालिका म्हणजे रोजचीच आणि कौटुंबिकच असे नाही. दुसऱ्या जातीचे उत्तम उदाहरण नगरकरांच्या घरचे आहे. केडगावाहून शहर ओलांडून पलीकडे गेले की भुईकोट किल्ला लागतो. 'चले जाव'च्या ठरावानंतर ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथे कैदेत ठेवले होते : मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि जवाहरलाल नेहरू. 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्यावरून श्याम बेनेगलांनी केलेली 'भारत एक खोज' 1988 च्या नोव्हेंबरमध्ये दूरदर्शनवर आली. दर रविवारी एक, असे त्रेपन्न भाग.

हिची बांधणी दैनंदिन मालिकेच्या बरोबर उलट आहे. बहुतेक भाग आपल्यापुरते पुरे, हुक नाहीच म्हटले तरी चालेल. मग त्रेपन्न भाग एकत्र बांधले कशाने? नेहरूंच्या वेशातले रोशन सेठ मधूनमधून येऊन बोलतात. ओम पुरींचा आवाज निवेदन करतो. वनराज भाटियांनी स्वरबद्ध केलेली ऋग्वेदातली सूक्ते आरंभी आणि शेवटी येतात, वसंत देवांच्या हिंदी रूपांतरात. पेडांच्या जागी इथे एक सूत्रधार आहे.

त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट नटांची. रोजच्या मालिकेत नट आणि पात्र एक झालेले असतात. नट बदलला तर प्रेक्षक महिनाभर नव्या चेहऱ्याला घरात घेत नाही. म्हणून शक्य तिथे काळाची उडी मारून बदल पचवतात. 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही 2021 मधली हिंदी मालिका आठवा. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ती मुलगी आधी अदिती जलतारेने रंगवली, मोठेपणी एताशा संझगिरीने. बेनेगलांनी मात्र एकच चेहरा उघडपणे अनेक भूमिकांत फिरवला. ओम पुरी अशोकही झाले, अलाउद्दीन खिलजीही आणि औरंगजेबही. दोन हजार वर्षांच्या सत्ताधीशांच्या जागी एकच नट दिसतो, तेव्हा सत्तेबद्दल काहीतरी न बोलता बोलले जाते. प्रेक्षकाने नटाला ओळखावे, अशीच तिथे अपेक्षा आहे. हे तंत्र आपल्याकडच्या तमाशा-दशावताराला नवे नाही.

तीन हजार भाग कसे वाचायचे

अभ्यासकाची खरी अडचण पुढे आहे. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली आणि तीन हजार भागांच्या पुढे गेली. बावीस मिनिटांच्या हिशेबाने हे अकराशे तास होतात. रोज आठ तास पाहिले तरी साडेचार महिने. साहित्याचा विद्यार्थी कादंबरी पूर्ण वाचल्याशिवाय बोलत नाही, मालिकेच्या विद्यार्थ्याला हे शक्यच नाही. शिवाय एका बैठकीत शंभर भाग पाहिले तर मधले खंडच नाहीसे होतात, म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा तेच हातचे जाते.

यावर वेगवेगळ्या वाटा काढल्या गेल्या. एक म्हणजे प्रेक्षकालाच विचारणे. नेदरलंड्समध्ये इएन आंग यांनी एका नियतकालिकात छोटी जाहिरात देऊन 'डॅलस' ही अमेरिकन मालिका तुम्हाला का आवडते किंवा आवडत नाही, असे विचारले. बेचाळीस पत्रे आली. त्यातून त्यांनी दाखवले, की श्रीमंतांचे ते जग खोटे आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते, पण त्यातली दुःखे त्यांना खरी वाटतात. केडगावात अशी पत्रे मागवावी लागणार नाहीत. देवीच्या रांगेत उभे राहिले तरी पुरे. दुसरी वाट नमुन्याची : सुरुवातीचे भाग, मधला एखादा सलग महिना, शेवटचे भाग आणि यांत एकाच पात्राचा माग. माझ्या मते मराठीत ही दुसरी वाट कोणीतरी धरायला हवी. दूरदर्शनच्या काळातल्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ'पासून 1999 मधल्या 'आभाळमाया'पर्यंतच्या मालिकांवर आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, भाग समोर ठेवून केलेले वाचन फार थोडे.

नगरच्या एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सुरुवात करायची असेल तर एक जोडी सुचवतो. 'भारत एक खोज'मध्ये महात्मा फुल्यांची भूमिका नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी केली आहे. तिथे फुल्यांचे जीवन एका भागात येते. सोनी मराठीवर 2020 मध्ये 'सावित्रीजोती' ही रोजची मालिका आली. ओंकार गोवर्धन जोतिराव, अश्विनी कासार सावित्रीबाई. टीआरपीने साथ दिली नाही आणि वर्षभरात ती आटोपली. तासाभराच्या भागाला विचारांचा संघर्ष हवा असतो, म्हणून तो थेट सार्वजनिक जीवनाला भिडतो. रोजच्या मालिकेच्या हाती घर असते. पाटी-पेन्सिल घरात आल्याची बातमी एकेका माणसापर्यंत कशी जाते, हे ती दाखवू शकते. सावित्रीबाईंनी नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. दोन्ही रूपे पाहताना या प्रसंगाला कुणी किती वेळ दिला, की दिलाच नाही, ते वहीत टिपायला सुरुवात करता येईल.